डीएसएलचं नेट सारखं तुटतंय? रीसेट करण्याआधी ही तीन घड्याळं बघा

पाऊस लागला की नेट जातं. फोनची घंटी वाजली की जातं. रात्री दहानंतर हमखास जातं आणि सकाळी आपसूक येतं. मुंबईत ज्यांचं ब्रॉडबँड अजून लँडलाइनच्या तांब्याच्या तारेवर (म्हणजे डीएसएलवर) चालतं, त्यांच्या तक्रारी साधारण याच सुरातल्या असतात. फायबर का घेत नाही, हा प्रश्न त्यांना विचारून झालेला असतो. कुठे सोसायटी जिन्यातून नवी वायर नेऊ देत नाही, कुठे इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून नवीन काहीच घ्यायचं नाही, कुठे आजोबांचा पाठ झालेला नंबर हलवायचा नाही. कारण काही असो, आहे त्या लाइनवर नेट टिकवायचंय.

आणि या सगळ्यावर घरोघरी इलाज एकच होतो. राऊटरच्या मागचं बारीक भोक शोधायचं, टाचणी घालायची आणि दहा सेकंद दाबून धरायचं. याने राऊटर फॅक्टरीतून आला तसा कोरा होतो. नेटचा युजरनेम गेला, पासवर्ड गेला, एक्स्चेंजकडची वाट ठरवणारे व्हीपीआय-व्हीसीआयचे आकडे गेले, वायफायचं नावही बदललं. सकाळी फक्त लाइन खराब होती, आता सेटिंगही नाही. दोन दिवसांनी लाइनमन येऊन लाइन नीट करून जातो, तरी नेट येत नाही. मग तो म्हणतो मोडेम खराब, घरचे म्हणतात लाइन खराब, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात.

काल रात्रीपर्यंत चालणारं सेटिंग सकाळी आपोआप बिघडत नाही. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल. त्यामुळे वारंवार तुटणाऱ्या नेटमध्ये सेटिंगला हात लावायची वेळ शेवटी येते. आधी नक्की काय तुटतंय ते बघायचं, आणि ते राऊटर स्वतःच लिहून ठेवत असतो.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. काही मॉडेलांत १९२.१६८.०.१ असतं. नक्की पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड राऊटरच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. हा राऊटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड. नेटचा वेगळा, वायफायचा तिसरा. या तिघांची गल्लत फार होते, म्हणून तिन्ही एकाच कागदावर वेगवेगळ्या ओळींत लिहून ठेवा. नेट बंद असलं तरी हे पान उघडतं, कारण ते घरातल्याच खोक्यातून येतं. मोबाइलवरून बघत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. वायफायला नेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप डेटावर जातात आणि पान सापडत नाही. शक्यतो लॅपटॉप लॅनच्या वायरनेच जोडा.

आत 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फो' नावाचं पान असतं. तिथे तीन वेळा शोधायच्या. राऊटर सुरू होऊन किती वेळ झाला, तो सिस्टिम अपटाइम. एक्स्चेंजशी डीएसएलची गाठ पडून किती वेळ झाला, तो लाइन किंवा डीएसएल अपटाइम. आणि लॉगिन होऊन किती वेळ झाला, तो पीपीपी किंवा वॅन अपटाइम. सगळे राऊटर तिन्ही वेळा दाखवत नाहीत. न दाखवणाऱ्यांत 'सिस्टिम लॉग'मध्ये त्याच गोष्टी ओळी-ओळीने लिहिलेल्या असतात.

नेट गेलं आणि परत आलं की लगेच हे पान उघडायचं. जे घड्याळ नुकतंच शून्यापासून सुरू झालंय, बिघाड तिथे. एकाहून जास्त घड्याळं शून्यावर असतील तर वरच्या क्रमातलं पहिलं धरायचं.

सिस्टिमचंच घड्याळ शून्यावर आलंय

म्हणजे राऊटर स्वतः बंद पडून परत सुरू झाला. लॉग उघडलात तर १ जानेवारी १९७० किंवा २००० अशा तारखा दिसतील. घाबरू नका, राऊटरच्या आत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज आली की तो त्या तारखेपासून मोजायला लागतो आणि नेट मिळाल्यावर खरी वेळ मागून घेतो. लॉगमध्ये अशी १९७० सालची ओळ मधूनच परत परत येत असेल, तर प्रत्येक वेळी राऊटर रीस्टार्ट झालाय.

कारण बहुतेकदा अडॅप्टर. पाच-सात वर्षं रात्रंदिवस चाललेला अडॅप्टर व्होल्टेज धरत नाही. वायफायवर दोन-चार फोन एकदम लागले की राऊटरचा दम जातो. स्टिकरवर जितके व्होल्ट लिहिलेत तितकेच व्होल्ट आणि तितके किंवा जास्त अँपिअर असलेला नवा अडॅप्टर घ्या, लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. सेट-टॉप बॉक्सचा पडलेला अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका. बाकी, राऊटर फ्रिजवर किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर तिथून काढा, आणि त्यावरचा क्रोशाचा रुमालसुद्धा.

डीएसएलचं घड्याळ शून्यावर आलंय

मुंबईतली बहुतेक दुखणी इथली, म्हणून इथे जरा थांबू.

एकाच तारेच्या जोडीवरून आवाज आणि डेटा दोन्ही जातात. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली. एडीएसएलचा, म्हणजे घरगुती डीएसएलच्या नेहमीच्या प्रकाराचा, डेटा साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि एडीएसएल-२ प्लस असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. वरच्या फ्रिक्वेन्सी लांब तारेत लवकर विरतात. म्हणून २४ एमबीपीएस हा एडीएसएल-२ प्लसचा आकडा एक्स्चेंजच्या अगदी शेजाऱ्यांसाठीच आहे. दोन-तीन किलोमीटरवर तो दिसणार नाही, त्यासाठी भांडू नका. भांडण तुटण्यासाठी राखून ठेवा.

स्टेटसमध्ये डीएसएलच्या पानावर दोन आकडे बघायचे. एक ॲटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती विरला. ढोबळ हिशेबाने किलोमीटरला सुमारे १३.८ डेसिबल. ४० डेसिबल दिसलं तर तार साधारण तीन किलोमीटरची. इमारतीपासून एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर आहे तरी हा आकडा ५५ येत असेल, तर तार गावभर फिरून येतेय किंवा मध्ये कुठेतरी सांधा खराब आहे. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या वर किती शिल्लक आहे. १० च्या वर उत्तम. ६ ते १० चालतं. ६ च्या खाली उतरलं की लाइन कधी तुटेल सांगता येत नाही. काही राऊटर हा आकडा दहा पटीत दाखवतात. तिथे ९५ लिहिलं असेल तर ते साडेनऊ समजा, हुरळून जाऊ नका.

एक दिवसाचं मार्जिन बघून उपयोग नाही. सकाळी, भर दुपारी, रात्री दहाला आणि पाऊस पडत असताना लिहून ठेवा. कोरड्या दिवशी ११ आणि पावसात ४, एवढ्या दोन नोंदी लाइनमनशी बोलताना कामाला येतात. त्याला 'नेट स्लो आहे' म्हटलं की तो स्पीड टेस्ट काढतो. 'पावसात मार्जिन चारवर येतं, सीआरसी एरर (म्हणजे वाटेत बिघडलेला डेटा) वाढतात' म्हटलं की तो डीपीकडे, म्हणजे इमारतीच्या फोनच्या तारांच्या डब्याकडे, जातो. अनुभव घेऊन बघा.

त्याला बोलवायच्या आधी मात्र घरातली वायरिंग तपासायची, कारण घरातला दोष निघाला की तक्रार तिथेच बंद होते.

भिंतीवरचा फोनचा चौकोनी डबा, त्याला रोझेट म्हणतात, स्क्रूड्रायव्हरने उघडा. समुद्रालगतच्या घरांत आतली तांब्याची टोकं हिरवट झालेली आणि स्क्रूखालचा पत्रा काळवंडलेला हमखास सापडतो. रंग दिलेला असेल तर स्क्रूच्या खाचेत डिस्टेंपर बसलेला. कधी दोन टोकं नुसती पिळून, वर सेलोटेप लावून ठेवलेली. हिरवं झालेलं टोक कापून टाका, तेवढीच नवी तार सोला आणि स्क्रू घट्ट करा. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, पण घंटी येते तेव्हा सुमारे ७५ व्होल्ट एसी. त्यामुळे तार हातात असताना कुणी फोन केला तर चांगला झटका बसतो. बाहेरून येणारी जोडी आधी सोडवून ठेवा किंवा उघड्या तारेला बोट लावू नका.

मग फिल्टर, म्हणजे स्प्लिटर. याला तीन तोंडं असतात. 'लाइन'मध्ये भिंतीकडून आलेली वायर, 'मोडेम' किंवा 'एडीएसएल'मध्ये राऊटरची, 'फोन'मध्ये टेलिफोनची. राऊटरची वायर चुकून 'फोन'मध्ये गेली तर डीएसएलचा दिवा लागतच नाही, किंवा लागून सारखा तुटतो. ही चूक फोन हलवून साफसफाई झाली की दिवाळीच्या आधी हमखास होते. आतल्या खोलीत पॅरलल फोन असेल तर त्यालाही स्वतंत्र फिल्टर हवा. आजीच्या उशाशी ठेवलेला फोन, कॉलर आयडीचा खोका, बंद पडलेलं पण भिंतीला अजून जोडलेलं फॅक्स मशीन, हे सगळं 'फोन' धरायचं. फिल्टरशिवायची एकच पॅरलल वायर सगळ्या घराचं मार्जिन खाली आणते. सोपं करायचं तर सगळ्या पॅरलल काढा, राऊटर एकटाच थेट पहिल्या डब्याला लावा आणि एक रात्र तसाच ठेवा. तुटणं थांबलं तर दोष घरात. नाही थांबलं तर निश्चिंत मनाने तक्रार करा.

फोनची घंटी वाजली किंवा रिसीव्हर उचलला की नेट तुटत असेल तर दोनच संशयित: फिल्टर, नाहीतर कुठेतरी कच्चा सांधा. फिल्टर शंभर-दीडशे रुपयांची गोष्ट आहे, आधी तोच बदला.

फोनवर खरखर ऐकू येते का तेही बघा. डायलटोनवर एक आकडा दाबून शांतता झाली की कान देऊन ऐका. चरचर, फडफड, किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर तार ओली आहे किंवा शेजारच्या जोडीला टेकतेय. याउलट एक चकवा आहे. फोन पूर्ण मेला, डायलटोन नाही, पण डीएसएलचा दिवा लागलेला आणि नेट रांगत-रांगत चालू. घरचे म्हणतात नेट आहे म्हणजे लाइन ठीक, फोनचा डबा बिघडला. खरं तर जोडीतली एक तार तुटलेली असते. उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तुटलेल्या टोकांमधूनही कसाबसा उडी मारतो, आवाजाला मात्र अखंड तारच लागते. अशा वेळी नेटची तक्रार न करता 'फोन बंद' अशी तक्रार द्या. लवकर कुणीतरी येतं.

इमारतीच्या जिन्याखाली किंवा गेटजवळ जो लोखंडी नाहीतर प्लॅस्टिकचा डबा असतो तो डीपी. त्याचं झाकण तुटलेलं, आत झुरळांची अंडी, वरून एसीचं पाणी ठिबकतंय, असं असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उघडून स्वतः जोड्या हलवू नका, तुमच्याबरोबर आणखी चार घरांचे फोन जातील. डीपीच्या पुढे रस्त्यावरचा पिलर, आणि तिथून जमिनीखालून एक्स्चेंज. पावसाळ्याआधी गटारांसाठी रस्ते खणले जातात, मेट्रोची कामं आहेतच. केबलला फावडं लागलं की सांधा मारतात, आणि तो सांधा नीट बंद झाला नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात त्यात पाणी शिरतं. लाइनमनला 'जोडी बदलून द्या' असं स्पष्ट सांगा. त्याच केबलमध्ये चांगली जोडी शिल्लक असेल तर काम लवकर होतं.

आता 'रात्रीच का जातं' याबद्दल. मीडियम वेव्ह रेडिओ ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, म्हणजे तुमच्या डीएसएलच्या मधोमध. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागते, तिची फ्रिक्वेन्सीही याच पट्ट्यातली. राऊटर असे व्यापलेले तुकडे ओळखून तिथे डेटा कमी ठेवतो, त्यामुळे स्थिर स्टेशनने सहसा लाइन तुटत नाही. रात्र झाली की लांबची स्टेशनं जास्त जोराने येतात, घरोघरचे दिवे लागलेले असतात, स्वस्त एलईडी ड्रायव्हर, चार्जर, इन्व्हर्टर सुरू होतात, आणि हा चढउतार लाइनला सोसत नाही. गणपतीत नाक्यावर रोषणाई लागली की नेट गेलं, असं सांगणाऱ्याला हसू नका. होतं तसं.

घरातला गोंगाट शोधायला जुना खिशातला रेडिओ काढा. मीडियम वेव्हवर जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवा आणि तो घेऊन राऊटर, टीव्ही, माशा मारायचं मशीन, एलईडी ट्यूब यांच्याजवळून फिरा. ज्याच्याजवळ कर्कश भुणभुण वाढते त्याचा प्लग काढून मार्जिन परत बघा. फोनची वायर विजेच्या पट्टीतूनच नेलेली असेल तर तीही बाहेर काढा.

एवढं करून तार तशीच, आणि दुरुस्ती होईपर्यंत तरी नेट टिकायला हवं असेल, तर इथे एक सेटिंग कामाला येतं. डीएसएल सेटिंगमध्ये 'मॉड्युलेशन' ऑटोवर असतं. ते बदलून जी-डीएमटी करा. याने लाइन जुन्या एडीएसएलवर, म्हणजे जास्तीत जास्त ८ एमबीपीएसवर येते, वरच्या नाजूक फ्रिक्वेन्सी सोडून देते आणि लांबच्या किंवा खराब तारेवर बरीच स्थिर राहते. वेग कमी होईल, पण मुलाचा ऑनलाइन क्लास मधेच तुटणार नाही. लाइन नीट झाली की परत ऑटो करायला विसरू नका.

फक्त पीपीपीचं घड्याळ शून्यावर आलंय

डीएसएलचा दिवा स्थिर, 'इंटरनेट'चा दिवा बंद किंवा लाल. फोनवरून हे विचारणं एक कसरत असते.

"काकू, इंटरनेटचा दिवा लागलाय का?"

"अरे सगळेच लागलेत की. एक तेवढा लाल आहे."

तोच तो. लाइन एक्स्चेंजपर्यंत पोचलीय, पण आत घेतलं जात नाहीये. डीएसएलवर हे लॉगिन पीपीपीओई पद्धतीने होतं. राऊटर युजरनेम-पासवर्ड पाठवतो, पलीकडचा सर्व्हर तपासतो आणि आयपी देतो.

सगळ्यात नेहमीचं कारण पासवर्ड नसून अडकलेलं जुनं सेशन असतं. लाइन अचानक तुटली की पलीकडच्या सर्व्हरला ते लगेच कळत नाही. त्याच्या लेखी तुम्ही अजून आत आहात. राऊटर परत दार ठोठावतो तेव्हा 'हा तर आत आहे' म्हणून नकार मिळतो, आणि लॉगमध्ये 'ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसतं. घरचे पासवर्ड बदलायला जातात. त्याऐवजी राऊटर बंद करा आणि पाच-दहा मिनिटं बंदच ठेवा. लगेच चालू-बंद, चालू-बंद केल्याने उलट वेळ लांबतो.

हेच जर रोज होत असेल तर घरात दोघं एकाच खात्याने लॉगिन करताहेत का बघा. मोडेम ब्रिज मोडमध्ये होता, म्हणजे लॉगिन स्वतः न करता मागच्या कॉम्प्युटरवर सोडत होता, कुणीतरी नवा वायफाय राऊटर आणला आणि त्यात पीपीपीओई भरलं. जुन्या कॉम्प्युटरवर 'ब्रॉडबँड कनेक्शन' नावाचा डायलर अजून आहे आणि तो चालू झाला की आपोआप डायल करतो. जो आधी पोचला तो आत, दुसऱ्याला एरर ६९१. बाबांनी कॉम्प्युटर लावला की सगळ्यांचं नेट जातं, हे गूढ बहुतेक वेळा एवढंच असतं. डायलर काढून टाका. एरर ६७८ असेल तर पलीकडून उत्तरच आलं नाही, मग मोडेमचे आकडे किंवा वायर बघायची.

ठरावीक वेळ कुणी नेट वापरलं नाही की तुटत असेल, तर सेटिंगमध्ये 'कनेक्ट ऑन डिमांड' निवडलेलं असेल किंवा आयडल टाइम भरलेला असेल. 'ऑलवेज ऑन' करा, आयडल टाइम शून्य करा.

आणि रीसेट होऊनच गेला असेल, तर आता तो कोरा राऊटर भरू. 'इंटरनेट सेटअप' किंवा 'वॅन'मध्ये जा. काही राऊटरांत आधीच आठ पीव्हीसी, म्हणजे एक्स्चेंजकडे जाणाऱ्या वाटांचे आकडे, भरून ठेवलेले असतात. नको असलेले सगळे बंद करा, नाहीतर राऊटर चुकीच्या वाटेने लॉगिन करत बसतो. मग एकच ठेवा. मुंबईत एमटीएनएलच्या एडीएसएल लाइनला व्हीपीआय ०, व्हीसीआय ३२. मुंबईबाहेर बीएसएनएलच्या लाइनवर ०/३५ असतं. डोंबिवलीहून बहिणीचा राऊटर आणून दादरला लावला की गाडी इथेच अडते. डीएसएलचा दिवा छान लागतो आणि लॉगिन काही केल्या होत नाही. एनकॅप्सुलेशन पीपीपीओई, एलएलसी. आयपी आपोआप, नॅट चालू, डीफॉल्ट रूट चालू. एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, १४९२. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं असतं, त्यातले ८ पीपीपीओई स्वतःच्या कामाला घेतं, म्हणून १४९२.

युजरनेम कनेक्शनच्या कागदावर जसा छापलाय तसाच, अक्षर न् अक्षर. नंबर असेल तर पुढे ०२२ आपल्या मनाने लावू नका, कागदावर असेल तर गाळू नका. पासवर्डमध्ये मोठं 'ओ' आणि शून्य नीट बघा. कागदच सापडत नसेल तर ग्राहक सेवेकडून पासवर्ड रीसेट करून घ्या, अंदाजाने प्रयत्न करत राहण्यात संध्याकाळ जाते. सेव्ह, मग रीबूट. काही जुन्या मॉडेलांत सेव्ह हे वेगळं बटण असतं. ते दाबलं नाही तर दिवे गेले की सगळं पुसलं जातं, आणि परत रीसेट केल्यासारखंच.

नेट सुरू झालं की 'बॅकअप सेटिंग्ज'मधून फाइल उतरवून ठेवा. पुढच्या वेळी कुणी टाचणी घातलीच, तर ती फाइल अपलोड केली की दोन मिनिटांत काम होतं.

तिन्ही घड्याळं चालू आहेत, तरी नेट नाही

म्हणजे कंपनीकडून नेट घरापर्यंत येतंय, घरात सांडतंय.

आधी वायरने जोडून बघा. वायरवर चालतं आणि वायफायवर नाही, तर चॅनल बदला. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११. मुंबईच्या एका मजल्यावर वीस वायफाय दिसतात, त्यात जे सर्वांत मोकळं ते घ्या. ४ किंवा ८ निवडलं तर दोन्हीकडच्यांचा त्रास ओढवून घ्याल.

दुसरा वायफाय राऊटर लावल्यावर कधी चालतं कधी नाही, असं होत असेल तर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे का बघा. दोघंही घरातल्या फोनना आयपी वाटत बसतात. दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा, म्हणजे तो पहिल्याच्या मागे स्वतंत्र चालेल. नुसतं वायफाय वाढवायचं असेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटण्याचं काम, बंद करा, पत्ता १९२.१६८.१.२ ठेवा आणि वायर त्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये नाही.

काही साइट उघडतात, बँकेची मात्र अर्धी येऊन थांबते, असं झालं तर एमटीयू. १४९२ च्या वर असेल तर खाली आणा.

आणि आता तो अपवाद, जिथे सेटिंग खरंच आपोआप बदलतं. नेट चालू, पण भलत्याच जाहिराती उघडतात, ओळखीची साइट वेगळी दिसते. राऊटरमध्ये डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते बघा. २०१४ च्या सुमारास जुन्या डीएसएल राऊटरांतली रोम-झिरो नावाची फट उघडी पडली होती. तिच्यातून बाहेरचा माणूस पासवर्ड न देता राऊटरची सेटिंगची फाइल उतरवून घेऊ शकत होता आणि त्यातून पासवर्ड काढून डीएनएस बदलत होता. असे खोके अजून घरांत चालू आहेत. अनोळखी पत्ते दिसले तर ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा, राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, बाहेरून राऊटर उघडण्याची सोय, म्हणजे 'रिमोट मॅनेजमेंट', बंद करा आणि फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं मिळत असेल तर टाका. मिळत नसेल तर तो राऊटर बदलाच. अशा वेळी रीसेट करणं मात्र योग्य, आधी नेटचा पासवर्ड हाताशी ठेवून.

तक्रार लिहिताना १९८ वर फोन करा किंवा ॲपवरून द्या आणि डॉकेट नंबर घ्या. त्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. तक्रारीत कुठलं घड्याळ तुटतं, कोरड्या आणि ओल्या दिवशीचं मार्जिन किती, पॅरलल काढून बघितलं का, एवढं सांगा. 'दुरुस्त झालं' असा मेसेज आला आणि झालं नसेल तर त्याच दिवशी तक्रार परत उघडायला लावा. आठवड्याने केलीत तर ती नवी तक्रार धरली जाते.

विजा चमकत असतील तर नुसता स्विच बंद करून भागत नाही. फोनची वायरही राऊटरमधून काढा, कारण लाट त्या वायरनेही येते. ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट होतो तेव्हा राऊटरचा डीएसएल पोर्ट जळतो, बाकीचे दिवे छान लागतात आणि डीएसएलचा दिवा मात्र कायमचा मिटतो. शेजारच्या चालू लाइनवर लावूनही दिवा पेटला नाही तर पोर्ट गेला म्हणून समजा.

असा पोर्ट जळालेला राऊटर फेकू मात्र नका. पुढे कधी फायबर आलंच, तर वर सांगितलं तसं डीएचसीपी बंद करून, पत्ता बदलून, लॅन पोर्टात वायर घालून तो आतल्या खोलीत वायफायसाठी लावता येतो.